शस्त्रं होती, ऐकणारं कोणी नव्हतं

संरक्षणावरच्या खर्चाची चर्चा निघाली, की एक विधान हमखास कानावर येतं: युद्धं झाली नसती तर विज्ञान इतकं पुढे गेलंच नसतं. दाखला म्हणून बहुधा पहिलं महायुद्ध पुढे केलं जातं. ऑगस्ट १९१४ मध्ये कापडी टोप्या घालून फ्रान्समध्ये उतरलेली ब्रिटिश फौज १९१८ साली रणगाडे, विमानं आणि बिनतारी संदेशयंत्रं घेऊन लढत होती. शत्रूच्या तोफेचा ठावठिकाणा तिच्या आवाजावरून काढत होती. चार वर्षांत एवढा पल्ला गाठला तो युद्धामुळेच, असा हा युक्तिवाद.

पल्ला गाठला, हे खरं आहे. तो युद्धानं गाठून दिला, हे मात्र मला मान्य नाही. खंदकांच्या लढाईत ब्रिटिश लष्कराच्या हाती जी साधनं आली, त्यांतली बहुतेक युद्धाआधीच कुठे ना कुठे तयार होती, वापरात होती किंवा कागदावर तरी मांडलेली होती. नव्हती ती फक्त एक वाट, खंदकातल्या माणसाची गरज कारखान्यापर्यंत आणि प्रयोगशाळेपर्यंत नेणारी. ही वाट पाडायला लष्कराला दोन-अडीच वर्षं लागली. त्या काळात जी माणसं मेली, त्यांना प्रगतीची किंमत म्हणणं मला घोर अन्यायाचं वाटतं. कारण ती किंमत मोजायलाच हवी होती, असं त्या इतिहासात कुठेही दिसत नाही.

१९१४ ची ब्रिटिश फौज लहान होती, पण कसलेली होती. ली-एनफील्ड रायफलीतून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडणारे तिचे शिपाई होते. मोकळ्या मैदानात, वेगानं हालचाल करत लढायचं, असं तिचं शिक्षण झालेलं. एका पलटणीला मशीनगन फक्त दोन. मैदानी तोफखान्याचा मुख्य आधार असलेल्या १८ पौंडी तोफेला युद्धाच्या आरंभी केवळ श्रॅपनेलचे गोळे होते. हे गोळे हवेत फुटून छर्रे उडवतात, उघड्यावरच्या सैन्याला ते कापून काढतात, पण जमिनीत घुसलेल्या शत्रूचं फारसं काही बिघडवत नाहीत. सप्टेंबरमध्ये एन नदीच्या काठी दोन्ही बाजूंनी जमीन खणायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत खंदकांची रांग समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत गेली. काही ठिकाणी शत्रू हाकेच्या अंतरावर होता, पण जमिनीखाली. सरळ जाणाऱ्या गोळीचा तिथे उपयोग नव्हता. वर जाऊन खाली पडणारी वस्तू हवी होती: हातानं फेकायचा बॉम्ब आणि खंदकातून डागता येईल अशी छोटी उखळी तोफ.

हे कोणाला आधी सुचणं शक्य नव्हतं का? दहाच वर्षांपूर्वी, १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरच्या वेढ्यात हेच सगळं घडलं होतं. काटेरी तार, मशीनगन, समोरासमोरचे खंदक, आणि सैनिकांनी जागच्या जागी बनवलेले हातबॉम्ब. त्या युद्धावर ब्रिटिश लष्कराचे निरीक्षक हजर होते. पुढे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेचे सेनापती झालेले इयन हॅमिल्टन त्यांच्यातलेच. त्या अनुभवावरून ब्रिटिशांनी १९०८ साली एक हातबॉम्ब स्वीकारलाही, पण त्याला लांबलचक वेताची मूठ होती आणि तो आपटला की फुटायचा. अरुंद खंदकात फेकायला हात मागे नेला की मूठ मागच्या भिंतीला लागून तो फेकणाऱ्याच्याच हातात फुटण्याची भीती. जर्मन लष्करानं त्याच पोर्ट आर्थरवरून धडा घेऊन छोट्या उखळी तोफा तयार करून ठेवल्या होत्या. म्हणजे माहिती दोघांकडे होती. एकानं ती कामाला लावली, दुसऱ्यानं कपाटात ठेवली.

या कमतरतेचा पहिला मार ज्यांनी खाल्ला, त्यांच्यात आपल्या इथली माणसं होती. पुण्याजवळ खडकीला ठाणं असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर ऑक्टोबर १९१४ मध्ये आघाडीवर पोचल्या. सॅपर हा लष्करातला कारागीर. पूल बांधणं, खणणं, सुरुंग पेरणं हे त्याचं काम आणि ते शिकायला वर्षं जातात. २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात या कारागिरांना ४७व्या शीख पलटणीच्या जोडीनं साधं पायदळ म्हणून पुढे घातलं. त्यांनी गावात शिरून घराघरांतून झुंज दिली. कुमक आली नाही, माघार घ्यावी लागली, आणि दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. ज्या लष्कराला त्या क्षणी सर्वांत जास्त गरज कारागिरांची होती, त्यानं ते कारागीर संगिनी लावून खर्ची घातले.

आणि तरीही, त्याच हिवाळ्यात हिंदी कोअरच्या, म्हणजे फ्रान्समधल्या हिंदी फौजेच्या, सॅपर्सनी आघाडीमागच्या पडक्या घरांत बसून बॉम्ब तयार केले. जॅमचे रिकामे डबे, त्यांत स्फोटक, खिळे आणि लोखंडाचे तुकडे, वर वात. ती काडीनं किंवा सिगारेटनं पेटवायची आणि डबा फेकायचा. ब्रिटिश पलटणीही हेच करत होत्या. काही ठिकाणी लाकडी फळीला गनकॉटन हे स्फोटक बांधून बॉम्ब केले, काही ठिकाणी नळ कापून उखळी तोफा केल्या. या तोफा कधी डागणाऱ्यांच्याच अंगावर फुटत. जगातलं सर्वांत मोठं साम्राज्य, सर्वांत मोठं आरमार, आणि त्याचा शिपाई डिसेंबरच्या चिखलात जॅमच्या डब्यात खिळे भरत बसलेला! या हिकमतीचं कौतुक अनेकदा वाचायला मिळतं. मला ते कौतुक पुरेसं वाटत नाही. शिपायांची ही बुद्धी थोर होती, पण तिची गरज पडावी ही शरमेची गोष्ट होती.

याच काळात इंग्लंडमधल्या इप्सविच गावी विल्फ्रेड स्टोक्स नावाचे एक अभियंते होते. त्यांची कंपनी क्रेन बनवायची. लष्कराशी त्यांचा संबंध नव्हता. खंदकातल्या फौजेला उखळी तोफ नाही हे कळल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी एक आराखडा केला. तो इतका साधा होता की त्यात बिघडायला फारसं काही नव्हतं. एक गुळगुळीत नळी, तिच्या बुडाशी एक टोकदार खिळा, खाली बैठक आणि पुढे दोन पाय. गोळा वरून नळीत सोडायचा. तो घसरत खाली जाऊन खिळ्यावर आपटतो, त्याच्या बुडातलं काडतूस पेटतं आणि तो उडतो. सरावलेले गडी मिनिटाला वीस-पंचवीस गोळे डागू शकत. आजही जगभरच्या पायदळाकडे असलेली उखळी तोफ तत्त्वतः हीच आहे.

युद्ध मंत्रालयानं ती नाकारली. कारण काय, तर तिच्यात आधीपासून साठवलेले गोळे बसत नव्हते. म्हणजे निकामी ठरलेल्या तोफांसाठी बनवलेला माल पडून राहील, या काळजीनं उपयोगी तोफ परत पाठवली. स्टोक्स यांनी चिकाटी सोडली नाही. १९१५ च्या उन्हाळ्यात, नव्यानं स्थापन झालेल्या दारूगोळा मंत्रालयाचे प्रमुख लॉइड जॉर्ज यांनी तिचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि लष्करी खात्याला बगल देऊन पहिली मोठी मागणी नोंदवली. त्यासाठीचा पैसासुद्धा सरकारी तिजोरीतून आला नाही. एका हिंदी संस्थानिकाच्या देणगीतून तो उभा केला गेला. इतक्या आडवाटेनं जे शस्त्र खंदकात पोचलं, ते ‘युद्धानं दिलं’ असं कसं म्हणायचं? युद्ध चालवणाऱ्यांनी तर ते अडवलं होतं.

सप्टेंबर १९१५ मधल्या लोस्सच्या लढाईत पुढचा धडा मिळाला. तिथे सैनिकांना क्रिकेटच्या चेंडूसारखा गोल बॉम्ब दिला होता. त्याची वात काडेपेटीसारखी, मनगटावर बांधलेल्या पट्टीवर घासून पेटवायची. लढाईत पाऊस आला, पट्ट्या भिजल्या, वाती पेटेनात. उत्तर फ्रान्समध्ये सप्टेंबरात पाऊस पडतो हे शोधायला युद्धाची गरज नव्हती. तो बॉम्ब भिजवून पाहणारा एक माणूस पुरला असता. याच सुमाराला बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांचा बॉम्ब येऊ लागला होता. स्प्रिंगची कळ आणि खीळ, खीळ काढून फेकला की काही सेकंदांनी स्फोट. ऊन-पावसाशी त्याचा संबंध नव्हता. एका बेल्जियन अधिकाऱ्याच्या आधीच्या रचनेवर तो बेतला होता. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे साडेसात कोटी बॉम्ब बनले.

शिरस्त्राणाची गोष्टही अशीच. खंदकात माणसाचं डोकं सर्वांत उघडं, आणि वर फुटणारे श्रॅपनेल. पोलादाचा टोप घालावा ही कल्पना तर शतकानुशतकं जुनी. तरीही युद्धाचं पहिलं वर्ष ब्रिटिश शिपाई कापडी टोपीत लढला. ब्रॉडी यांचा पोलादी टोप १९१५ च्या शरद ऋतूत यायला लागला तेव्हा सुरुवातीला पलटणीमागे पन्नासच मिळायचे. पहाऱ्यावरचा गडी उतरला की टोप पुढच्याला.

पण माझ्या म्हणण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा शस्त्रांत नाही, इस्पितळात आहे. मांडीचं हाड गोळीनं मोडलं की खंदकातल्या शिपायाचं मरण बहुधा ठरलेलं असे. स्ट्रेचरवरून नेताना मोडलेली टोकं हलत, आत रक्तस्राव होई आणि माणूस शॉकमध्ये जाऊन दगावे. मृत्यूचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास होतं. पाय ताणून जागच्या जागी धरणारी थॉमस स्प्लिंट आघाडीवर सर्रास वापरायला लागल्यावर ते वीस टक्क्यांच्या जवळ आलं. ही स्प्लिंट ज्यांनी बनवली ते लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस १८९१ सालीच वारले होते. दोन लोखंडी दांड्या, एक कडं आणि पट्ट्या. चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू. १९१४ आणि १९१५ मध्ये मांडी मोडून मेलेल्या प्रत्येक शिपायासाठी ती उपलब्ध होती आणि पोचली नव्हती. थॉमस यांचे भाचे रॉबर्ट जोन्स लष्करी वैद्यकात आले, त्यांनी ती लावून धरली, तेव्हा ती पोचली. युद्धानं इथे काय शोधलं?

तोफगोळ्यांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण बहुसंख्य माणसं तोफांनी मारली. ९ मे १९१५ ला ऑबेर्सच्या टेकाडावरचा हल्ला एका दिवसात अकरा हजारांहून अधिक हताहत देऊन फसला, आणि पाच दिवसांनी ‘द टाइम्स’मध्ये बातमी आली की गोळेच पुरेसे नाहीत. त्या गदारोळातून सरकार हललं, दारूगोळा मंत्रालय उभं राहिलं, कारखाने वाढले, लाखो स्त्रिया कामाला आल्या. टीएनटी हे स्फोटक हाताळून त्यांची कातडी पिवळी पडे, काहींचा यकृत निकामी होऊन जीव गेला. १ जुलै १९१८ ला चिलवेलच्या कारखान्यात स्फोट होऊन सव्वाशेहून अधिक कामगार मेले. खंदकातल्या शिपायाइतकीच ही माणसंही या कहाणीत यायला हवीत.

गोळे आले. १९१६ च्या उन्हाळ्यात, उत्तर फ्रान्समधल्या सोमच्या लढाईआधी, सात दिवसांत पंधरा लाखांवर गोळे डागले. पण संख्या वाढवताना दर्जा घसरला होता. कितीतरी गोळे फुटलेच नाहीत. जे फुटले त्यांच्यातही श्रॅपनेलचा वाटा मोठा. शत्रू जमिनीखाली खोल तळघरांत बसलेला. काटेरी तार तोडायला डागलेले मोठे गोळे आधी जमिनीत घुसत आणि मग फुटत; तार उचलली जाई आणि पुन्हा तिथेच पडे, आणखी गुंतागुंतीची होऊन. १ जुलै १९१६ ला ५७,४७० ब्रिटिश सैनिक कामी आले किंवा जायबंदी झाले, मृत १९,२४०. त्यांतल्या अनेकांना न तुटलेल्या तारेनं अडवून धरलं होतं.

१९१७ च्या सुरुवातीला १०६ क्रमांकाचा फ्यूज आला. गोळा जमिनीला किंवा तारेला नुसता टेकला तरी तत्क्षणी फुटायचा, खड्डा न करता. तार आडवी कापली जाई आणि मागून जाणाऱ्या पायदळाला खड्डेही लागत नसत. एक मुठीएवढी वस्तू, पण माझ्या मते रणगाड्यापेक्षा तिनं अधिक जीव वाचवले. तिच्यावर संग्रहालयात कोणी फोटो काढून घेत नाही.

रणगाड्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो. त्याच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. त्याचे पट्टे अमेरिकेतल्या शेतीच्या ट्रॅक्टरांवर आधीपासून होते. लॅन्सलॉट डी मोल नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं १९१२ सालीच तशा वाहनाचा आराखडा ब्रिटिश युद्ध मंत्रालयाला पाठवला होता आणि तो दप्तरात पडून राहिला. युद्धानंतर सरकारी आयोगानं हे मान्य केलं. जमिनीवरच्या या यंत्राला पहिला पैसा आणि समिती मिळाली ती आरमाराकडून, तेव्हाचे आरमारमंत्री चर्चिल यांच्यामुळे. १५ सप्टेंबर १९१६ ला थोडेच रणगाडे, तेही निम्मेअधिक बिघडत बिघडत, मैदानात उतरले. आत आठ माणसं, धूर, प्रचंड उष्मा, चालण्याच्या वेगाएवढा वेग. नोव्हेंबर १९१७ मध्ये काँब्रेला चारशेहून जास्त रणगाड्यांनी मोठी मुसंडी मारली, इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजल्या, आणि दहाच दिवसांत जर्मनांनी बहुतेक जमीन परत घेतली.

काँब्रेची खरी नवलाई रणगाड्यांच्या मागे होती. तिथे हजारभर तोफा एकही चाचणी गोळा न डागता, नकाशा आणि गणित यांच्या आधारे, एकदम बोलू लागल्या. आधी नेम बसवायला दिवसेंदिवस गोळे टाकावे लागत आणि शत्रू सावध होई. हे साधलं ते लष्करात ओढल्या गेलेल्या वैज्ञानिकांमुळे. लॉरेन्स ब्रॅग यांना १९१५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, वडिलांबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते शत्रूच्या तोफा आवाजावरून शोधण्याच्या खटपटीत होते. अनेक मायक्रोफोन दूर दूर ठेवायचे, प्रत्येकावर आवाज कोणत्या क्षणी पोचला ते फिल्मवर नोंदवायचं आणि वेळांच्या फरकावरून तोफेची जागा काढायची. तत्त्व सोपं, पण साधा मायक्रोफोन रायफलींच्या आणि उडत्या गोळ्यांच्या कडकडाटानंच भरून जाई. तोफेच्या तोंडातून निघणारा खोल, जवळजवळ कानाला न ऐकू येणारा दाब त्याला वेगळा काढता येईना.

उपाय काढला कॉर्पोरल विल्यम टकर यांनी. युद्धाआधी ते भौतिकशास्त्राचेच माणूस. पातळ प्लॅटिनमची तार विजेनं तापवून एका पेटीच्या भोकावर ताणली. तोफेचा दाब आला की पेटीत हवेची झुळूक शिरते, तार थंडावते, तिचा विद्युतरोध बदलतो. तीक्ष्ण आवाजांना ही तार दाद देत नाही. १९१६ मध्ये ही युक्ती चालली आणि ८ ऑगस्ट १९१८ ला आमियाँच्या लढाईत हल्ल्याआधी ५३० जर्मन तोफांपैकी ५०४ तोफांच्या जागा ब्रिटिशांना ठाऊक होत्या. एका लेफ्टनंटनं आणि एका कॉर्पोरलनं एकमेकांशी बरोबरीनं बोलत हे काम केलं. १९१४ च्या लष्करात असं बोलणं घडलं असतं का, याची मला दाट शंका आहे.

ब्रॅग यांच्या शेजारी हेन्री मोस्लींचं नाव ठेवून पाहा. क्ष-किरणांच्या साहाय्यानं मूलद्रव्यांना अणुक्रमांकाचा भक्कम पाया देणारे मोस्ली. त्यांना संदेशवहनाचे अधिकारी म्हणून गॅलिपोलीला धाडलं आणि १० ऑगस्ट १९१५ ला, सत्ताविसाव्या वर्षी, ते तिथे मारले गेले. ब्रॅग यांचा धाकटा भाऊ रॉबर्टही त्याच मोहिमेत गेला. युद्ध विज्ञान घडवतं असं म्हणणाऱ्यांनी मोस्लींचा हिशोब कोणत्या रकान्यात मांडायचा ते सांगावं. खडकीचे सॅपर आणि ऑक्सफर्ड-मँचेस्टरचे मोस्ली, दोघांच्याही बाबतीत चूक एकच होती: माणसाला काय येतं हे न विचारता त्याला रांगेत उभं करणं.

इथे दोन्ही बाजूंचे लोक मला अडवतील. एक बाजू म्हणेल, ब्रिटिश सेनापती मूर्खच होते, सिंहांना गाढवांनी हाकलं. ते मला पटत नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत पायदळाच्या प्लाटूनसाठी नवी शिकवण छापून निघाली. एकाच प्लाटूनमध्ये रायफल, लुइस मशीनगन, हातबॉम्ब आणि रायफलीवरून उडवायचे बॉम्ब अशा चार तुकड्या, आणि निर्णय तरुण लेफ्टनंटचा. हे लढणाऱ्यांच्या अनुभवातून आलं होतं आणि वरिष्ठांनी ते स्वीकारलं होतं. सोमच्या चिखलात मालवाहतूक कोलमडल्यावर फ्रान्समधले ब्रिटिश सरसेनापती हेग यांनी एरिक गेडीज या रेल्वेच्या व्यवस्थापकाला थेट मेजर जनरलचा हुद्दा देऊन सगळी वाहतूक सोपवली. जुन्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही, पण छोट्या रुळांचं जाळं पसरलं आणि गोळे पोचू लागले. (गेडीज आग्र्याचे जन्मलेले, आणि रेल्वेचं काम हिंदुस्थानात रोहिलखंडाकडे केलेले.) ही फौज शिकली यात शंका नाही.

दुसरी बाजू म्हणेल, शिकायला वेळ लागतोच. कुठलीही संस्था मार खाऊनच शहाणी होते. हा युक्तिवाद अलीकडे अभ्यासकांत चालतो आणि त्यात तथ्यही आहे. पण शिकलेलं ज्ञान कोणापर्यंत जाऊ दिलं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. त्यासाठी फ्रान्स सोडून टायग्रिसच्या काठी जावं लागतं.

१९१५ च्या अखेरीला हिंदी कोअरच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्समधून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, हलवल्या. तिथे सहावी पुणे डिव्हिजन कूट अल-अमारा गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत महायुद्धाला गेलेल्यांची संख्या कोरलेल्या ज्या पाट्या दिसतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. खंदकाची लढाई वर्षभर अंगावर सोसून शिकलेले शिपाई आता कूटच्या सुटकेसाठी निघाले, आणि त्यांच्या हाती काय होतं? पुढे या मोहिमेच्या चौकशी आयोगानं यादीच दिली: तार कापायच्या कात्र्या, टेलिफोन, पेरिस्कोप, हातबॉम्ब, प्रकाशबाण, मच्छरदाण्या, सगळ्यांचा तुटवडा. नदी हाच एकमेव रस्ता आणि बोटी अपुऱ्या. २१ जानेवारी १९१६ ला हन्नाच्या खंदकांवर मीरत डिव्हिजनला अपुऱ्या तोफांच्या जोरावर मोकळ्या, सपाट चिखलातून पुढे पाठवलं. २,७०० हताहत. जखमी रात्रभर थंडीपावसात पडून राहिले. म्हणजे न्यूव्ह शापेल आणि ऑबेर्सवर जे कळलं होतं, ते तिथूनच आलेल्या माणसांवर पुन्हा आजमावलं गेलं.

हे अज्ञानातून झालं नाही. १८५७ नंतर हिंदी सैनिकाच्या हाती, डोंगरी तोफखान्याचा अपवाद सोडता, तोफ द्यायची नाही हे धोरण होतं. त्याची रायफलही बराच काळ गोऱ्या सैनिकाच्या रायफलीपेक्षा एक पिढी मागची ठेवली जाई. कोणावर किती खर्च करायचा हे आधीच ठरलेलं होतं, आणि कूटला ते उघडं पडलं, इतकंच.

सांगणारं कोणी नव्हतं असंही नाही. कूटच्या वेढ्याआधी बगदादजवळ झालेल्या टेसिफोनच्या लढाईतले जखमी बोटींतून बसऱ्याला आले तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी ते दृश्य पाहिलं. उघड्या डेकवर, मलमूत्रात, दिवसेंदिवस मलमपट्टी न झालेली माणसं. त्यांनी वर कळवलं. उत्तरादाखल वरिष्ठांनी त्यांना आगाऊ ठरवलं आणि हुद्दा काढून घेण्याची धमकी दिली. मला या कहाणीतली ही सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. स्टोक्स यांना परत पाठवणारं मन आणि कार्टर यांना दटावणारं मन एकच आहे.

२९ एप्रिल १९१६ ला कूट पडलं. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली आणि त्यांतली कित्येक हजार तुर्की कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेली. त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नांत तेवीस हजार हताहत झाले होते. मग लंडननं मोहीम हिंदुस्थान सरकारकडून स्वतःकडे घेतली. बसऱ्याचं बंदर सुधारलं, रूळ टाकले, बोटी, लुइस गन, विमानं, इस्पितळं आली. डिसेंबर १९१६ मध्ये मोहिमेचे नवे सेनापती जनरल मॉड निघाले, फेब्रुवारीत कूट परत घेतलं आणि ११ मार्च १९१७ ला बगदाद. नदी तीच होती, शत्रू तोच, आणि फौजेतले बहुसंख्य शिपाई पूर्वीसारखेच हिंदी. मॉड यांना मिळालेल्या सामानात अशी एकही वस्तू नव्हती जी हन्नाच्या वेळी ब्रिटिश साम्राज्यात कुठेच नव्हती. मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल त्याच वर्षी जूनमध्ये आला, मेजर कार्टर यांची साक्ष त्यात आहे. जुलैत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.